नेव्हिल डिसोझा : मेलबर्न गाजवणारा आपला फॉरवर्ड



थोरामोठ्यांच्या जीवनाची ओळख करून देण्याची आपल्या वार्तापत्राची जुनी पद्धत आहे. संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आपण या पानावर वाचत आलो आहोत. खेळाडूंना मात्र इथे जागा कमीच मिळाली. या वेळी ती उणीव भरून काढावी, असे आम्ही ठरवले.

खेळाडू निवडताना मुलांची पसंती काय असणार, हे आम्हाला ठाऊक होते. सुट्टीच्या दिवशी मैदानावर पाहिले, तर अर्ध्या मुलांच्या अंगावर अर्जेंटिनाचा निळा-पांढरा पट्ट्यांचा शर्ट असतो आणि उरलेल्यांच्या अंगावर ब्राझीलचा पिवळा. पेले, मॅराडोना आणि मेस्सी ही नावे आदिलाबादच्या गल्लीतही घरच्यासारखी झाली आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या या फॉरवर्ड खेळाडूंविषयी आम्हालाही आदर आहे. पण त्यांच्याविषयी टीव्हीवर आणि पेपरात पुष्कळ येते. आपल्याकडेही एक असा फॉरवर्ड होऊन गेला, ज्याने ऑलिम्पिकच्या मैदानावर एकाच सामन्यात तीन गोल केले. त्याचे नाव आपल्या मुलांना माहीत नसते. बहुतेक मोठ्यांनाही नसते. म्हणून या वेळचा लेख त्याच्यावर. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या आसगाव या गावी झाला. तेव्हा गोवा भारतात नव्हता. तिथे पोर्तुगिजांची सत्ता होती आणि ती १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. आपल्याकडे त्या काळी निजामाचे राज्य होते, तर मुंबईत इंग्रजांचे. आज एका देशात असलेली ही तीन ठिकाणे तेव्हा तीन वेगवेगळ्या सत्तांखाली होती. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे या कथेत तिचे काम आहे.

गोव्याला फुटबॉलचे वेड फार जुने आहे. आसगावपासून जवळच शिवोली नावाचे गाव आहे. विल्यम लायन्स नावाच्या एका आयरिश पाद्र्याने १८८३ साली तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला, आणि तेथून तो गोवाभर पसरला, असे सांगतात. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात मुले चेंडू घेऊन उतरत. आपल्याकडे जसा कबड्डीचा आखाडा, तसे तिकडे फुटबॉलचे मैदान. गावच्या जत्रेइतकाच गावच्या संघाचा अभिमान असे.

गोव्यातली हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईला येत. कुणी बोटीवर खलाशी होई, कुणी स्वयंपाकी, कुणी वादक, तर कुणी कचेरीत कारकून. धोबीतलाव, माझगाव आणि गिरगावच्या बाजूला त्यांची वस्ती वाढली. येताना ही माणसे आपली भाषा, आपले जेवण आणि आपला फुटबॉलही बरोबर घेऊन आली. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांनी परमुलखात आपल्या गोष्टी जपणे म्हणजे काय, हे पैनगंगेच्या अलीकडे पिढ्यानपिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. नेव्हिलही असाच मुंबईला आला. त्याचे शिक्षण धोबीतलावच्या सेंट झेवियर्स शाळेत झाले आणि शाळेच्या संघातूनच त्याचा खेळ लोकांच्या नजरेत भरला.

त्या काळची मुंबई म्हणजे फुटबॉलचे मोठे केंद्र. कूपरेज हे तिथले प्रसिद्ध मैदान. तिथे रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरे. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झालेली, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. कलकत्त्याचे, हैदराबादचे आणि बंगळूरचे संघ तिथे खेळायला येत. याखेरीज हारवुड लीग ही मुंबईची स्थानिक स्पर्धा होती. तिच्यात कंपन्यांचे, गिरण्यांचे, पोलिसांचे आणि रेल्वेचे संघ उतरत.

इथे विद्यार्थ्यांना एक फरक समजावून सांगायला हवा. दक्षिण अमेरिकेतला चांगला खेळाडू त्या काळीही व्यावसायिक असे. म्हणजे फुटबॉल हाच त्याचा धंदा, आणि क्लबकडून मिळणारा पैसा हेच त्याचे उत्पन्न. आपल्याकडे तसे नव्हते. खेळाडूला एखाद्या कंपनीत, पोलिसांत, रेल्वेत किंवा लष्करात नोकरी मिळे. ती नोकरी सांभाळून त्याने त्या संघाकडून खेळायचे. पगार नोकरीचा, आणि नाव झाले तर खेळाचे. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळू लागला, तो याच पद्धतीने. आज लाखो-कोटींचे करार ऐकणाऱ्या मुलांना हे नवल वाटेल, पण त्या पिढीतले आपले सगळेच मोठे खेळाडू असेच घडले.

नेव्हिल सेंटर फॉरवर्ड होता. संघाच्या आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा, गोल करण्याची मुख्य जबाबदारी ज्याच्यावर, तो सेंटर फॉरवर्ड. हे काम वरून सोपे दिसते. बाकीच्यांनी चेंडू आणून द्यायचा आणि याने तो जाळ्यात मारायचा. पण प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत बळकट गडी त्याच्याच मागे लावलेले असतात. नव्वद मिनिटांत नीट संधी दोन-तीन वेळाच येते, तीही डोळ्याचे पाते लवते तेवढ्यापुरती. त्या क्षणी पाय अडखळला, तर दहा जणांची मेहनत वाया जाते. म्हणून सेंटर फॉरवर्डला पायापेक्षा डोके शांत लागते.

१९५४ साली मुंबईने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला. आपल्या देशातल्या राज्यांच्या संघांची ही राष्ट्रीय स्पर्धा. मुंबईच्या त्या विजयी संघात नेव्हिल होता. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता.

आता थोडे मागे जाऊन भारतीय फुटबॉलची तेव्हाची स्थिती पाहू. स्वातंत्र्यानंतर आपला संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला तो १९४८ साली लंडनला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी हुकल्या आणि आपण १-२ असे हरलो. तरी लोकांनी कौतुक केले. १९५० साली ब्राझीलला विश्वचषक होता. भारताला त्यात जागा मिळाली होती, पण आपला संघ गेलाच नाही. बूट घालायची सक्ती होती म्हणून गेला नाही, अशी गोष्ट अजून सांगितली जाते. खरे तर लांबचा बोटीचा प्रवास, तयारीला अपुरा वेळ आणि विश्वचषकाचे महत्त्व तेव्हा आपल्या संघटनेला न वाटणे, ही कारणे अभ्यासक अधिक ग्राह्य मानतात. दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर विश्वचषक खेळण्याची ती संधी गेली, ती पुन्हा आली नाही.

मग आले १९५२ साल आणि हेलसिंकीचे ऑलिम्पिक. फिनलंडच्या थंडीत आपले बहुतेक गडी अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. हा पराभव जिव्हारी लागला. अनवाणी खेळण्याचे दिवस संपले, हे सगळ्यांना कळून चुकले. त्यानंतर बूट घालून खेळणे आवश्यक झाले.

त्या पराभवाच्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, आपल्या हैदराबादचे. रहीमसाहेबांविषयी आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण ते मूळचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०९ सालचा. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी हैदराबादेत काचीगुडा, चादरघाट अशा शाळांतून मुलांना शिकवले आणि पुढे शारीरिक शिक्षणाचेही रीतसर शिक्षण घेतले. १९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. म्हणजे मुंबईच्या कूपरेजवर येऊन, मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत, हैदराबादचे पोलीस दरवर्षी चषक घेऊन जात होते.

रहीमसाहेबांची शिकवण्याची तऱ्हा खास शिक्षकी होती. मुलगा उजव्या पायाने चांगला मारतो म्हटले की ते त्याला डाव्या पायाने खेळायला लावत. त्यासाठी दुबळ्या पायाने खेळण्याच्या वेगळ्या स्पर्धाच त्यांनी घेतल्या. एकट्याने चेंडू घोळवत बसणाऱ्याला ते चेंडू एका स्पर्शात पुढे द्यायला शिकवत. जिथे कच्चे आहे तिथेच सराव करायचा, आणि एकट्याने मोठे व्हायचे नाही, ही त्यांची दोन सूत्रे. कोणत्याही वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावीत अशी ती आहेत. युरोपात हंगेरीचा संघ तेव्हा नव्या पद्धतीने खेळत होता. रहीमसाहेबांनी त्या खेळाचा अभ्यास केला आणि आपल्या मुलांना तो शिकवला. पुढे १९५८ साली ब्राझीलने जी ४-२-४ रचना वापरून विश्वचषक जिंकला, त्याच वळणाचा विचार आपल्याकडे हैदराबादचा एक शाळामास्तर त्याआधीच करत होता.

आता १९५६ साल. या वर्षाला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही मोठे महत्त्व आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि जुने हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात आले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले. आपण मराठी माणसे इथेच राहिलो. सोयरे तिकडे आणि शेत इकडे, अशी कित्येक घरांची गत झाली. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो काळ पाहिला आहे.

त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात भारताचा फुटबॉल संघ मैदानात उतरला. कर्णधार होते बंगालचे समर बॅनर्जी, ज्यांना सगळे बद्रू म्हणत. बंगालचेच पी. के. बॅनर्जी आणि दक्षिणेतले कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू आघाडीच्या फळीत होते. हैदराबादचे नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन संघात होते. सिकंदराबादचा वीस वर्षांचा तुळशीदास बलराम आणि जन्माने हैदराबादचा असलेला उंचापुरा गोलरक्षक पीटर थंगराज हेही संघाबरोबर गेले होते. आणि मधोमध सेंटर फॉरवर्ड होता मुंबईचा नेव्हिल डिसोझा. त्याची जन्मभूमी गोवा तेव्हाही परकीयांच्या ताब्यात होती. ज्या गावी तो जन्मला, ते गाव ज्या देशाच्या नकाशात अजून आले नव्हते, त्याच देशाचा शर्ट घालून तो खेळत होता. नकाशावर रेषा पुसल्या आणि ओढल्या जात होत्या, त्याच दिवसांत हे अकरा जण एका शर्टात उभे होते.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण हंगेरीत त्याच सुमारास उठाव झाला होता आणि रशियन फौजांनी तो चिरडला होता. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली आणि समोर आला यजमान ऑस्ट्रेलिया.

सामना ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर, प्रेक्षक त्यांचे, हवा त्यांची. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने दुसरा गोल केला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२. दोनदा पुढे जाऊन दोनदा बरोबरी झाली की चांगल्या चांगल्या संघाचा धीर सुटतो. नेव्हिलचा सुटला नाही. पन्नासाव्या मिनिटाला त्याने तिसरा गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल करून सामन्यावर शिक्कामोर्तब केले. भारत ४, ऑस्ट्रेलिया २.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल, म्हणजे हॅट्ट्रिक, करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला. आणि ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला होता, आणि समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी आपल्याला दहा गोल मारले होते. या वेळी चित्र वेगळे होते. मध्यंतरापर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला! हेलसिंकीत भोगलेल्यांना तो क्षण कसा वाटला असेल, याची कल्पना करावी. पण आनंद दोनच मिनिटे टिकला. चोपन्नाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला दुसरा गोल केला आणि पासष्टाव्या मिनिटाला तिसरा. अखेरीस आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. सामना १-४ असा गेला.

७ डिसेंबरला कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला. त्यात आपण ०-३ असे हरलो आणि चौथे आलो. पदक हुकले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात सोव्हिएत रशियाने युगोस्लाव्हियाला १-० ने हरवून सुवर्ण घेतले. म्हणजे आपण ज्यांच्यावर काही क्षण आघाडी घेतली होती, ते रौप्यपदकाचे मानकरी होते.

संपूर्ण स्पर्धेत नेव्हिलचे चार गोल झाले. सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने पहिला होता. भारतीय फुटबॉलपटूला ऑलिम्पिकमध्ये हा मान पुन्हा मिळाला नाही.

चरित्र सांगताना ते फुगवून सांगू नये, असे आम्हाला वाटते. मेलबर्नच्या स्पर्धेतून बरेच देश गळाले होते आणि प्रत्यक्षात अकराच संघ खेळले. हंगेरी न आल्याने आपल्याला एकच सामना जिंकून उपांत्य फेरी गाठता आली. दक्षिण अमेरिकेतले मोठे व्यावसायिक खेळाडू ऑलिम्पिकमध्ये नव्हतेच, कारण तिथे हौशी खेळाडूंनाच परवानगी होती. हे सगळे खरे. पण तो एक सामना यजमानांच्या घरी जाऊन जिंकावा लागला, हेही तितकेच खरे. आणि तो विजय नशिबाचा होता, असे कुणी म्हणू नये म्हणून की काय, १२ डिसेंबरला सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा मैत्रीचा सामना झाला, तेव्हा आपल्या संघाने त्यांना ७-१ असे हरवले.

योगायोग असा, की त्याच वर्षी, ७ सप्टेंबर १९५६ रोजी, ब्राझीलमध्ये सान्तोस क्लबकडून पंधरा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा मैदानात उतरला आणि त्याने गोल केला. तो पेले. दोन वर्षांत तो विश्वविजेत्या संघात होता. त्याच्यामागे क्लब होते, पैसा होता, सबंध देशाचे वेड होते. पुढे २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर खेळायला आला, तेव्हा त्याला बघायला सारे शहर लोटले. मोहन बागानने त्याच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला २-२ असे बरोबरीत रोखले. पेलेचे २०२२ साली निधन झाले, तेव्हा आपल्या गावोगावच्या पेपरांनी पानेच्या पाने छापली. ते योग्यच होते.

नेव्हिलच्या वाट्याला काय आले? मेलबर्नहून परतल्यावर तो पुन्हा मुंबईच्या मैदानांवर खेळू लागला. पुढे तो कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघात गेला आणि १९५८ साली त्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. त्याचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन वर्षे संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबई आणि हैदराबाद समोरासमोर आले आणि दोन्ही वेळा हैदराबाद जिंकले. मेलबर्नला खांद्याला खांदा लावून खेळलेले दोन प्रांत घरी आले की पुन्हा ईर्ष्येने लढत, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

१९६० साली भारतीय संघ रोमच्या ऑलिम्पिकला गेला, तेव्हा नेव्हिल त्यात नव्हता. बलराम आणि पी. के. यांची पिढी आता पुढे आली होती. फ्रान्सशी आपण १-१ अशी बरोबरी केली. हंगेरीशी १-२ आणि दक्षिण अमेरिकेच्या पेरूशी १-३ असे हरलो. त्यानंतर आजतागायत भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पोहोचलेला नाही. मेलबर्नचा चौथा क्रमांक हीच अजूनही आपली सर्वोच्च कामगिरी आहे.

१९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. फुटबॉलसाठीचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जींना मिळाला, पुढच्या वर्षी आपल्या बलरामला. दोघेही त्याला सर्वस्वी लायक होते. पण मेलबर्नच्या तीन गोलांच्या धन्याचे नाव त्या यादीत कधीच आले नाही.

१६ मार्च १९८० रोजी मुंबईत नेव्हिल डिसोझाचे निधन झाले. त्याचे वय अवघे ४७ होते. त्याच्या जन्मभूमीत, गोव्यात, फुटबॉल हा आज राज्याचा खेळ आहे. तरी त्याचे नाव मोठ्या पडद्यावर किंवा पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही.

रहीमसाहेबांची कथाही इथे पुरी करायला हवी. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकले. तेव्हा त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी हैदराबादेत ते वारले. अनेक वर्षे तेही विस्मरणात गेले होते. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी मुलांसह जरूर पाहावा.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे, असा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला. जे सुचले ते तिघांना तीन तऱ्हेने सांगतो.

विद्यार्थ्यांना आम्ही सांगू, की नेव्हिलच्या तीन गोलांमागे आणखी दहा जण होते. त्यात बंगाली होते, तेलुगू मुलखातले होते, तमिळ होते, उर्दू बोलणारे होते. चेंडू पुढे देताना कुणी कुणाची भाषा विचारली नाही. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू किंवा गोंडी. हे आपले बळ आहे. मैदानावरही तसेच वागावे. आणि मॉरोने दुसऱ्यांदा बरोबरी केली, तेव्हा नेव्हिलने काय केले, हे गणिताच्या पेपरात पहिली दोन उदाहरणे चुकली की आठवावे.

पालकांना एक विनंती आहे. मूल आठवी-नववीत गेले की खेळाचा तास हा वाया जाणारा तास आहे, असे घरोघरी वाटू लागते. एस.एस.सी.च्या वर्षी तर चेंडू कपाटाच्या वर जातो. मुलांच्या मार्कांची काळजी आम्हालाही आहे. पण नेव्हिल शाळेच्या मैदानावरूनच पुढे आला. त्या शाळेत संघ नसता, संध्याकाळी चेंडू मिळाला नसता, तर आसगावचा हा मुलगा मुंबईतल्या कुठल्या तरी कचेरीतला एक नोकरदार म्हणूनच संपला असता. प्रत्येक मूल नेव्हिल होणार नाही. पण हरल्यावर उभे कसे राहायचे, हे शिकवणारा दुसरा तास वेळापत्रकात नाही.

विश्वस्त मंडळींना आम्ही आठवण करून देतो, ती रहीमसाहेबांची. भारताच्या फुटबॉलचा सर्वांत मोठा गुरू आपल्याच राज्यातला एक शाळामास्तर होता. आपल्याकडे आपण ज्यांना पी.ई.टी. सर म्हणतो, त्यांच्याकडे इतर विषयांच्या शिक्षकांइतक्याच मानाने पाहिले जावे. दरवर्षीच्या खर्चाच्या यादीत चेंडू, जाळी आणि मैदानाची डागडुजी यांचे नाव शेवटच्या ओळीत न येता थोडे वर यावे. नव्या खोल्या बांधताना मैदानाची जागा कमी होणार नाही, एवढी काळजी घ्यावी. खोली पुढच्या वर्षीही बांधता येते, पण गेलेले मैदान परत येत नाही.

दरवर्षी १ डिसेंबरला त्या सामन्याचा दिवस येतो. त्या दिवशी शाळेत आंतरवर्गीय फुटबॉल सामना ठेवावा, अशी आमची सूचना आहे. खर्च काही नाही. मुलांनी अर्जेंटिनाचा शर्ट घालावा, ब्राझीलचाही घालावा, आमची हरकत नाही. फक्त खेळ सुरू होण्याआधी एका विद्यार्थ्याने पुढे येऊन नेव्हिल डिसोझाची ही हकिगत सगळ्यांना पाच मिनिटांत सांगावी, एवढीच अपेक्षा.